संगणकाला 'कळेल' असं लिहायला चौथीतच शिकवूया



'सिमँटिक वेब' हा शब्द ऐकला की वाटतं, हे इंजिनिअरिंगवाल्यांचं काम. माझं म्हणणं उलट आहे. याचा पाया प्राथमिक शाळेतलाच आहे आणि तो शिकवायला वर्गात संगणक नसला तरी चालतं.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत असताना वेबची कल्पना मांडली. ते वेब माणसांनी वाचण्यासाठी होतं. पानावरच्या मजकुराचा अर्थ संगणकाला लागत नव्हता, त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. पुढे मे २००१ मध्ये त्यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्यासोबत 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा की माहिती यंत्रालाही अर्थ लावता येईल अशी मांडली पाहिजे. त्यासाठीची 'आरडीएफ' नावाची पद्धत १९९९ मध्येच ठरली होती. आणि ही पद्धत म्हणजे काय, तर तीन तुकड्यांचं वाक्य! कोणाबद्दल, कोणती गोष्ट आणि तिचं उत्तर.

बघा:

शिवाजी महाराज – जन्मस्थान – शिवनेरी
शिवनेरी – तालुका – जुन्नर
जुन्नर – जिल्हा – पुणे

आता मुलांना विचारा, महाराजांचा जन्म आजच्या कोणत्या जिल्ह्यात झाला? वरच्या एकाही ओळीत हे थेट लिहिलेलं नाही. पण मुलं एका ओळीचं शेपूट पुढच्या ओळीच्या तोंडाला जोडतात आणि 'पुणे' म्हणून मोकळी होतात. संगणकही असाच जोडत जातो. फरक एवढाच, की तालुक्यातलं ठिकाण त्या तालुक्याच्या जिल्ह्यातही येतं हा नियम त्याला आधी सांगावा लागतो. मुलांना तो परिसर अभ्यासात कळलेला असतो.

दुसरी अडचण नावांची. नाशिक म्हटलं की शहर की जिल्हा? आपण संदर्भाने ओळखतो, यंत्राला ते सांगावं लागतं. म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेल्या विकिडेटावर प्रत्येक गोष्टीला क्रमांक आहे. पुणे शहर म्हणजे क्यू १५३८, पुणे जिल्ह्याचा क्रमांक वेगळा. यात नवल वाटण्याचं कारण नाही. 'जिल्हा परिषद शाळा, वडगाव' म्हटलं तर कोणतं वडगाव? म्हणून तर आपल्या शाळांना ११ अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पालकांनी मुलांसोबत आपल्या शाळेचा क्रमांक बघावा, गंमत वाटते मुलांना.

आता थोडं आपल्याच कामाबद्दल, कारण मला खरी काळजी इथे वाटते. आपण वर्षभर माहिती भरतो, पण ती कशी भरतो? गैरहजर मुलाच्या गुणांच्या रकान्यात कुणी शून्य लिहितो, कुणी रेघ मारतो, कुणी जागा रिकामी सोडतो. परीक्षेलाच न बसलेलं मूल आणि शून्य मिळालेलं मूल, दोघांना मदत वेगळी लागते हो! सरासरी काढणाऱ्या यंत्राला मात्र शून्य म्हणजे शून्यच. तारखेचंही तसंच. ०५/०६/२०१५ म्हणजे पाच जून की सहा मे? २०१५-०६-०५ असं वर्ष आधी लिहिण्याची पद्धत आंतरराष्ट्रीय आहे, तिच्यात हा घोळ होत नाही. आणि छान तक्ता करून त्याचा फोटो ग्रुपवर टाकणं तर नेहमीचंच. डोळ्यांना तो तक्ता दिसतो, पण त्यातले आकडे पुन्हा वापरायचे तर कुणीतरी परत टाईप करत बसायचं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधलं मराठी तर आणखी फसवं. पडद्यावर मराठी, फाईलच्या आत भलतीच इंग्रजी अक्षरं! शोधायला गेलं की सापडत नाही.

काही जण म्हणतील, आता एआय सगळं वाचतं, कशाला हा खटाटोप? वाचतं खरं, पण जिथे नीट लिहिलेलं नसतं तिथे ते अंदाज बांधतं. आपल्या गावाबद्दल मराठीत नीट मांडलेली माहितीच कमी असेल, तर तो अंदाज तपासायचा कशावर?

एक मात्र पक्कं लक्षात ठेवूया. यंत्राला वाचता येणारं म्हणजे सगळ्यांना उघडं, असं नाही. गावातली झाडं, ओढे, किल्ले यांची माहिती खुशाल खुली करा. मुलांचे आधार क्रमांक आणि पालकांचे फोन मात्र वर्गाच्या खेळातसुद्धा नकोत.

सुरुवात करायची असेल तर परिसर अभ्यासाचा एक तास पुरे. प्रत्येक गटाला कोऱ्या चिठ्ठ्या द्या, एका चिठ्ठीवर एकच तीन तुकड्यांचं वाक्य. मग एका गटाला मुद्दाम 'गोदावरी – जिल्हा –' एवढंच लिहून द्या. कुणी नाशिक म्हणेल, कुणी परभणी, कुणी नांदेड, आणि भांडण जुंपेल. जुंपू द्या. एका चिठ्ठीत तीन नावं कोंबायची की तीन चिठ्ठ्या करायच्या, हे त्यांनाच ठरवू द्या.