जम्बोला सलामी मिळाली, आरक्षणाचे काय?

जुन्या विमानाला निरोप देणे हा आता जगात एक व्यवसायच झाला आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वान्टास कंपनीने जुलै 2020 मध्ये आपल्या बोईंग 747 च्या निरोपाच्या फेऱ्या काढल्या. विमान कोठेही जाणार नव्हते. जेथून उडाले तेथेच उतरणार होते. तरीही साध्या आसनाला 400 आणि वरच्या वर्गाला 747 ऑस्ट्रेलियन डॉलर मोजून लोक बसले.

आपल्याकडे 22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचे 'आग्रा' हे 747 मुंबईहून अमेरिकेला गेले, ते सुटे भाग काढून घेण्यासाठी. आत तिकीट काढलेला प्रवासी नव्हता. वैमानिकाने विमान दोन्ही बाजूंना कलवून पंखांनीच सलामी दिली आणि प्रसारमाध्यमे हळहळली.

येथे प्रश्न असा आहे की, ही हळहळ नेमकी कोणाची? 1971 साली एअर इंडियाच्या पहिल्या 747 ला 'एम्परर अशोक' हे नाव देण्यात आले. नाव अशोकाचे, आत बसण्याची ऐपत मात्र मूठभरांची! अजिंठा-वेरूळची बौद्ध लेणी पाहायला जगभरचे पर्यटक छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळावर उतरतात. लेण्यांचा वारसा सांगणाऱ्या आमच्या वस्त्यांनी विमान पाहिले ते बहुधा कुंपणाबाहेरून.

मग या विमान कंपनीशी आपला संबंधच नव्हता काय? होता. तो आसनाचा नव्हता, नोकरीचा होता. 1953 च्या कायद्याने विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. सरकारी मालकी असल्यामुळेच तेथे आरक्षण लागू झाले. बाबासाहेबांनी 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मूलभूत व महत्त्वाचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. बाबासाहेबांनी 1950 साली येथे मिलिंद महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनातून शिकून निघणाऱ्या मुलांना बँक, विमा, रेल्वे, विमान कंपनी ही दारे उघडी होती, ती याच सार्वजनिक क्षेत्रामुळे.

27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या ताब्यात गेली. सौदा 18,000 कोटींचा. त्यातले 15,300 कोटी कर्जापोटी, सरकारला रोख 2,700 कोटी. विक्रीच्या वेळी कंपनीत 12,085 कर्मचारी होते. पैकी 4,001 कंत्राटी. म्हणजे विक्रीपूर्वीच तिसरा हिस्सा कंत्राटी झाला होता. वर्षभर कोणाला काढायचे नाही, अशी अट घालण्यात आली. यापुढच्या भरतीत आरक्षण राहील, अशी अट मात्र घालण्यात आली नाही. मालक बदलला आणि घटनेच्या कलम 16(4) चे बंधन गळून पडले. ना सलामी, ना हळहळ!

कंपनी तोट्यात होती, जनतेचा पैसा बुडत होता, हे कोणी नाकारत नाही. पण तोटा कशाने झाला? महागड्या विमान खरेदीने, कर्जाने, 2007 साली इंडियन एअरलाइन्सच्या केलेल्या विलीनीकरणाने. हे निर्णय राखीव जागेवर लागलेल्या कारकुनाने किंवा लोडरने घेतले नव्हते. मग किंमत त्याच्या मुलांनी का मोजावी?

न्यायालयात जावे, तर बाल्को प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2001 सालीच निर्गुंतवणूक हा सरकारच्या धोरणाचा विषय ठरवला आहे. उद्योगपतींच्या सदिच्छेवर विसंबावे, तर 2006 साली टाटा समूहातील जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालील उद्योजकांच्या गटानेच सक्तीचे आरक्षण नाकारून ऐच्छिक उपाय सुचवले होते. ऐच्छिक म्हणजे मर्जीचे. मर्जीवर मिळते ते दान, हक्क नव्हे.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. जनतेच्या पैशातून उभा राहिलेला उद्योग विकताना त्यातील आरक्षणाचे बंधन नव्या मालकावरही राहील, असा कायदा संसदेने करावा. खासगी शिक्षणसंस्थांतील प्रवेशासाठी 93 वी घटनादुरुस्ती होऊ शकते, तर नोकरीसाठी का नाही? आपल्या मतावर निवडून गेलेल्या राखीव मतदारसंघांच्या खासदारांना हा प्रश्न गावोगावच्या सभांतून विचारला गेला पाहिजे.

विमान जुने झाले की मोडीत निघणारच. हक्क जुना झाला म्हणून मोडीत काढू द्यायचा नसतो.