मायेलाही तक्ता लागतो

"सिस्टर, आधी पेशंटकडे बघा, कागद मग भरा!" नातेवाइकांच्या या वैतागामागे दोन समज आहेत. एक, नर्सनं डॉक्टरांनी सांगितलेलं करावं, स्वतःचं डोकं कशाला चालवायचं? दुसरा, सेवा मनातून येते, तक्त्यात बसवली की कोरडी होते.

पहिला समज घेऊ. खुब्याचं हाड मोडलेल्या आजोबांच्या केसपेपरवर डॉक्टर लिहितात, 'फ्रॅक्चर'. बरोबरच आहे. पण आजोबांना आपली आपण कूस बदलता येत नाही, अंथरूण ओलं होईल या लाजेनं ते पाणीही टाळतात, हे त्या शब्दात कुठे आहे? राउंड संपतो; पुढचे सगळे तास पेशंट नर्सच्याच नजरेखाली असतो. ती माकडहाडावरचा लाल चट्टा बोटानं दाबून बघते. फिका पडला तर ठीक. लालच राहिला तर ती बेडसोअरची सुरुवात. मग दर दोन तासांनी कूस बदलायचं ठरतं, तसं होतं, आणि चट्टा पुन्हा तपासला जातो. पाहणी, निदान, आखणी, कृती, पडताळा या नर्सिंगच्या पाच पायऱ्या त्या याच. यातलं निदान नर्सचं स्वतःचं असतं.

दुसरा समज ऐकायला गोड आहे, म्हणूनच तो टिकतो. बेडसोअर होऊ नये म्हणून नर्सेस वर्षानुवर्षं पाठीला साबण, स्पिरिट, पावडर चोळत आल्या, तेही मायेनंच. इंग्लंडमधल्या नर्स डोरीन नॉर्टन यांनी वृद्धांच्या वॉर्डांत पद्धतशीर पाहणी केली. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानं दाखवलं, की कातडी वाचते ती वारंवार कूस बदलून दाब काढल्यानं. बेडसोअरचा धोका मोजायला त्यांनी केलेल्या तक्त्यात शरीराची स्थिती, मनाची स्थिती, चालणं-फिरणं, हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा यांना गुण दिले जातात. एकूण गुण २०. १४ किंवा त्याखाली आले की धोका. म्हणजे तक्त्यानं माया आटली नाही, ती नेमक्या जागी पोचली.

शिवाय सिस्टरची माया ड्युटी संपली की तिच्याबरोबर घरी जाते. आजोबा कुठल्या कुशीवर कधीपासून आहेत, हे रात्रीच्या सिस्टरला ड्युटीचा ताबा घेताना चार्टच सांगतो.

एक आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. एकीच्या वाट्याला तीस-चाळीस पेशंट आले, की दोन, चार, सहा अशा सगळ्या रकान्यांत 'कूस बदलली' हे ड्युटी संपताना एका दमात लिहिलं जातं. तो चार्ट खोटा. पण त्याचं खापर पद्धतीवर फोडू नका. नर्सेसच्या रिकाम्या राहिलेल्या जागा भरा.

आणि पुढच्या खेपेस सिस्टर लिहिताना दिसली तर विचारा, "बाबांची कूस कधी बदलायची?" ती "चार वाजता" म्हणाली, तर चारला तिच्या हाताला हात लावा.