ऑरेंजबर्गचे हुतात्मे

अमेरिकेतील विद्यार्थ्यांवर झालेल्या गोळीबाराचा विषय निघाला की केंट स्टेट विद्यापीठाचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. कंबोडियावरील आक्रमणाविरुद्ध निदर्शने चालू असता ४ मे १९७० रोजी नॅशनल गार्डच्या गोळ्यांनी तेथे चार विद्यार्थ्यांचा बळी घेतला व सारे जग हादरले. ते योग्यच झाले. परंतु त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी मिसिसिपीतील जॅक्सन स्टेट महाविद्यालयात पोलिसांनी मुलींच्या वसतिगृहावर गोळ्यांचा वर्षाव करून दोन कृष्णवर्णीय तरुणांना ठार केले, याची आठवण किती जणांना आहे? आणि त्याहीपूर्वी दोन वर्षे, ८ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री, साउथ कॅरोलायना राज्यातील ऑरेंजबर्ग येथे जे घडले त्याची तर दखलच जवळजवळ घेतली गेली नाही. मृतांच्या कातडीचा रंग पाहून त्यांच्या मृत्यूचे मोल ठरविणाऱ्या समाजव्यवस्थेत हे विस्मरण म्हणजे केवळ योगायोग नव्हे.

ऑरेंजबर्ग हे लहानसे महाविद्यालयीन गाव. साउथ कॅरोलायना स्टेट व क्लॅफ्लिन ही कृष्णवर्णीयांची दोन महाविद्यालये एकमेकांना लागून आहेत. गावातील दुकाने, कर्ज देणारी पेढी, न्यायालय व पोलीस मात्र त्या काळी गोऱ्यांच्या हाती होते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला. त्याच्या अंमलबजावणीची मागणी करणाऱ्या अर्जावर १९५५ मध्ये ज्या कृष्णवर्णीय पालकांनी सह्या केल्या, त्यांपैकी कित्येकांना नोकरीतून काढण्यात आले, कित्येकांची उधारी तोडण्यात आली, कुळांना जमिनीवरून हुसकावण्यात आले. या आर्थिक कोंडीस कृष्णवर्णीय जनतेने गोऱ्यांच्या दुकानांवरील बहिष्काराने उत्तर दिले, व १९५६ मध्ये विद्यार्थ्यांनी संप पुकारला. मार्च १९६० मध्ये उपाहारगृहांतील वर्णभेदाविरुद्ध शांततेने मोर्चा काढणाऱ्या साडेतीनशेहून अधिक विद्यार्थ्यांना पाण्याच्या फवाऱ्यांनी भिजवून, थंडीत, उघड्या कोंडवाड्यात डांबण्यात आले. १९६८ ची रात्र या इतिहासाच्या पोटातून जन्मली.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा वर्णभेद रद्द झाला होता. तरीही गावातील बोलिंगच्या खेळाच्या एका जागेचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंदच राहिले. आपली खाजगी मालमत्ता या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असा मालकाचा दावा होता. ५ फेब्रुवारीला विद्यार्थी तेथे गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हा अटका झाल्या, लाठ्या चालल्या, आणि मुलीही त्या माऱ्यातून सुटल्या नाहीत. मोर्चास परवानगी नाकारण्यात आली. ८ तारखेच्या रात्री विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या दाराशी शेकोटी पेटविली. कोणीतरी फेकलेला लाकडाचा तुकडा लागून एक शिपाई जखमी झाला. काही मिनिटांनंतर महामार्ग पोलिसांनी छर्ऱ्यांच्या बंदुकांतून गोळीबार सुरू केला. सॅम्युएल हॅमंड व हेन्री स्मिथ हे त्या महाविद्यालयाचे विद्यार्थी आणि डिलानो मिडलटन हा सतरा वर्षांचा शाळकरी मुलगा, असे तिघे मरण पावले. जखमींची संख्या पंचवीसहून अधिक होती. बहुतेकांच्या जखमा पाठीवर वा बाजूस होत्या, काहींच्या तर तळपायांवर! पळणाऱ्यांवर, जमिनीवर पडलेल्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, याची ही साक्ष मृतांनी व जखमींनी आपल्या शरीरांवरच दिली.

गोळ्यांपाठोपाठ असत्य धावले. दोन्ही बाजूंनी गोळीबार झाल्याचे वृत्त असोसिएटेड प्रेसने प्रसृत केले. विद्यार्थ्यांनी गोळीबार केल्याचा पुरावा मात्र कधीच मिळाला नाही. गव्हर्नर रॉबर्ट मॅक्नेअर यांनी ‘ब्लॅक पॉवर’च्या चिथावणीखोरांवर खापर फोडले. गोळ्या झाडणाऱ्या नऊ पोलिसांवर संघराज्याच्या न्यायालयात खटला भरला गेला व १९६९ मध्ये ते सर्व निर्दोष सुटले. तुरुंगात गेला तो एकच माणूस: विद्यार्थी अहिंसक समन्वय समितीचा कार्यकर्ता क्लीव्हलँड सेलर्स, जो स्वतः त्या रात्री गोळी लागून जखमी झाला होता! दंगलीच्या आरोपाखाली १९७० मध्ये त्याला शिक्षा झाली व सात महिने त्याने कारावास भोगला. राज्याने त्याला माफी दिली ती १९९३ मध्ये. गव्हर्नरांची क्षमायाचना तर २००३ मध्ये आली, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षांनी. गोळी सुटण्यास मात्र एक क्षणही लागला नव्हता.

या घटनेचे सार काय? कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असे नव्हे. मालमत्ता, न्यायासन व बंदूक ज्या वर्गाच्या हाती असतात, तो वर्ग कायद्याचा कागद आपल्या सोयीने वाचतो. जनतेच्या संघटित शक्तीनेच त्याला तो नीट वाचावयास भाग पाडता येते. त्या खेळाच्या जागेचे दरवाजे न्यायालयीन आदेशाने उघडले, पण ते तिघांच्या रक्तानंतर.

भारतीय कम्युनिस्टांना यात आपलाही चेहरा दिसला पाहिजे. अस्पृश्यता १९५० मध्ये राज्यघटनेने नष्ट केली. पाणवठ्यावरची व मजुरीवरची अस्पृश्यता तिने नष्ट झाली काय? अर्जावर सही केली म्हणून कुळाला हाकलणारा तेथील जमीनमालक आणि मजुरी मागितली म्हणून दलित वस्तीवर बहिष्कार घालणारा येथील जमीनदार यांची जातकुळी एकच. मुंबईत १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, ते ही एकता ओळखूनच. वर्गलढा पुढे गेला की जातीचा व वर्णाचा प्रश्न आपोआप सुटेल, अशी समजूत करून घेऊन आपल्यापैकी अनेकांनी या प्रश्नांना दुय्यम स्थान दिले, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. ऑरेंजबर्गमध्ये उधारी तोडणारा हात आणि बंदूक चालविणारा हात एकाच सत्तेचे होते. त्यांच्याविरुद्धचा लढाही एकच असला पाहिजे.

म्हणून विद्यार्थी आघाडीवर काम करणाऱ्या प्रत्येक साथीने ८ फेब्रुवारी हा दिवस ध्यानी ठेवावा. हक्क मागणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘बाहेरचे चिथावणीखोर’ म्हणून हिणविले जाईल तेव्हा हे शब्द पूर्वी कोणी, कोणाच्या प्रेतांवर उभे राहून उच्चारले होते, ते त्यांना सांगावे. हॅमंड, स्मिथ व मिडलटन यांच्या स्मृतीस आमचे लाल अभिवादन!