“मामा, तुला आईनेच पाठवलं ना?”

नातेवाइकांत एक जरी सॉफ्टवेअर इंजिनीअर असला, तरी सगळ्यांचे प्रिंटर, वाय-फाय आणि भरलेलं व्हॉट्सॲप त्याच्याच गळ्यात येतं. मला त्याची सवय आहे. पण मध्यंतरी रात्री साडेदहाला सुदामा नगरातल्या माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तो वेगळाच होता.

“अरे, याच्या मोबाइलमध्ये असं काहीतरी टाक की हा काय करतो, कोणाशी बोलतो, सगळं मला दिसेल. आणि त्याला कळता कामा नये.”

भाचा पंधरा वर्षांचा, दहावीत. नववीला 84 टक्के होते, सहामाहीत 58 वर आला. रात्री दीड-दोनपर्यंत जागा, सकाळी उठत नाही, जेवायला हाक मारली तर दाराआडून फक्त “हं”. त्यात जिजाजींच्या खात्यातून 2,400 रुपये गेले, ते गेममधल्या पात्राच्या कपड्यांवर! जिजाजींना यूपीआय त्यानेच शिकवलं होतं, म्हणजे पिन ठाऊक असणारच. ताई बोलता बोलता रडायला लागली. “माझं कुठे चुकलं, ते तरी सांग.”

तिला हवं होतं तसं ॲप टाकणं माझ्यासाठी दहा मिनिटांचं काम. तरी मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण तांत्रिक नाही.

मी अकरावीत असताना बाबांनी माझी डायरी वाचली होती. तीत विशेष काही नव्हतं. कॉलेजात मन लागत नाही, एवढंच होतं. बाबा रागावलेही नाहीत, पण त्यांनी वाचलं हे मला कळलं. त्यानंतर मी दोन डायऱ्या ठेवू लागलो, एक त्यांना सापडावी म्हणून आणि दुसरी खरी. पुढे इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे दोन विषय राहिले, ते मी घरी चार महिने सांगितलं नाही. बाबा आज नाहीत. ते चार महिने त्यांच्यापासून लपवल्याचं मला अजून वाईट वाटतं. ताईच्या घरात दुसरी डायरी तयार व्हायला मला हातभार लावायचा नव्हता.

रविवारी सकाळी भाच्याला स्कूटरवर बसवलं आणि पोहे-जलेबी खायला राजवाड्याकडे निघालो. मोबाइलचा विषयच काढायचा नाही, असं ठरवलं होतं. पोह्यांवर जिरावण भुरभुरताना त्यानेच विचारलं, “मामा, तुला आईनेच पाठवलं ना?”

मी “हो” म्हटलं. खोटं बोललो असतो, तर संभाषण तिथेच संपलं असतं.

बराच वेळ तो गप्प होता. परतताना स्कूटरवर मागून बोलू लागला. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये गणिताचे पहिले दोन धडे बुडाले, मग पुढचं काहीच कळेना. चाळीस मुलांसमोर विचारायची लाज वाटते. गेममध्ये मात्र चार मित्र रोज त्याची वाट बघतात. “तिथे मी नसलो की टीम हरते, मामा.” पैशांचं विचारलं तर म्हणाला, “चुकलं. पण आता सांगू कसं?”

समोरासमोर बसवून हे त्याच्याकडून निघालं नसतं. या वयाच्या मुलाशी बोलायचं तर शेजारी बसून किंवा पुढे बघत चालताना बोलावं. हे मी त्या दिवशी शिकलो.

त्याच्या परवानगीने मी ताई-जिजाजींना सांगितलं आणि संध्याकाळी चौघं बसलो. जे ठरलं, ते तुमच्याही कामी येईल म्हणून लिहितो.

लपून काही टाकायचं नाही. जे सेटिंग करायचं, ते मुलासमोर. गूगलच्या फॅमिली लिंकमध्ये वेळेची मर्यादा, रात्रीचं कुलूप आणि खरेदीला पालकांची मंजुरी ठेवता येते. मुलाचे मेसेज त्यात वाचता येत नाहीत, आणि ते बरंच आहे. यूपीआय पिन बदलला. 2,400 रुपये तो पॉकेटमनीतून दरमहा 200 असे फेडणार, म्हणजे वर्षभर.

रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आईबाबांचेही. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार होतं, त्यामुळे या मुलांना लवकर झोप येत नाही. हा निव्वळ आळस नव्हे. पण त्यांना झोप लागते आठ ते दहा तास. हातातला फोन त्यातलीही कमी करतो.

कोचिंगऐवजी कॉलनीतल्याच एका निवृत्त मास्तरांकडे गणित. तिथे तीनच मुलं आहेत, त्यामुळे विचारायची लाज नाही.

एक गोष्ट मी ताईला आवर्जून सांगितली. जास्त गेम खेळणारा प्रत्येक मुलगा आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत गेमिंगचा विकार आहे, पण त्यात खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी आयुष्य विस्कटतं, आणि हे साधारण वर्षभर चालतं. मात्र मूल खाणं-पिणं सोडू लागलं, मित्र तुटले, जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं, तर वाट बघू नका. डॉक्टरांना दाखवा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो.

आता निकाल विचाराल. पहिल्या रात्री पावणेअकराला हॉलमधून फोन उचलून नेताना सापडले ते जिजाजी! भाचा मनापासून हसला, म्हणे कित्येक दिवसांनी. घटक चाचणीत गणितात 80 पैकी 47 आले. दार अजूनही बंदच असतं, पण ताई आता टकटक करून जाते. परवा त्याने तिला तासभर बसवून गेम समजावला. तिला काही कळलं नाही, पण ती बसून राहिली.

तुमच्या घरी फोनचा काय नियम आहे? आणि तो मोठ्यांनाही लागू आहे का? जरूर कळवा.