लेखिका मोजायची तर गाण्यासकट मोजा

विज्ञानकथा लिहिणाऱ्या बाईने गाणीही रचली आणि वाचकांच्या मेळाव्यात ती स्वतः गायली, तर ती गाणी तिच्या वाङ्मयीन कारकिर्दीत धरायची की नाही? माझे म्हणणे, धरायचीच. जे धरत नाहीत त्यांनी कारण सांगावे. अमेरिकेतील लेखिका आणि गायिका लेस्ली फिश यांच्यावर मी एका संदर्भग्रंथासाठी नोंद लिहिली होती. ती परत आली. सोबत शेरा होता की गाण्यांचा भाग चाहत्यांच्या हौसेत मोडतो, तो काढावा आणि पुस्तकांवर भर द्यावा. मी नोंदच मागे घेतली. शेऱ्याचे उत्तर द्यायचे राहिले होते, ते इथे देतो.

अमेरिकेत विज्ञानकथेचे वाचक संमेलने भरवतात. दिवसभर चर्चा होतात आणि रात्री हॉटेलच्या एखाद्या खोलीत गोल करून गाणी चालतात. चाल बहुधा लोकगीताची, शब्द अंतराळयानांचे, यंत्रमानवांचे, आवडत्या कादंबऱ्यांतल्या पात्रांचे. या गाण्यांना ‘फिल्क’ म्हणतात. १९५०च्या दशकात ली जेकब्ज यांच्या एका लेखाच्या शीर्षकात ‘फोक’ऐवजी ‘फिल्क’ असे टंकले गेले. ती चूक लोकांना आवडली आणि तेच नाव पडले. कॅरन अँडरसन या लेखिकेने ते जाणूनबुजून वापरले. म्हणजे या प्रकाराच्या बारशालाही लेखिकाच हजर होती.

लेस्ली फिश याच गोलातून आल्या. ‘स्टार ट्रेक’च्या चाहत्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलेल्या नियतकालिकांतून त्यांनी कथा लिहिल्या. १९७६ आणि १९७७मध्ये त्यांच्या गाण्यांच्या दोन तबकड्या निघाल्या. माणूस चंद्रावर उतरला त्यावरचे त्यांचे ‘होप आयरी’ हे गाणे फिल्कवाल्यांच्या जगात जवळजवळ राष्ट्रगीत आहे. ‘बॅन्ड फ्रॉम आर्गो’ हे दुसरे गाणे अगदी उलट्या वळणाचे. यानातले लोक सुट्टीवर उतरतात आणि असा धिंगाणा घालतात की त्या बंदरात त्यांना कायमची बंदी होते. त्याची इतरांनी इतकी विडंबने रचली की त्यांचा वेगळा संग्रह निघाला. किपलिंगच्या कवितांना त्यांनी चाली लावल्या. ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या कामगार संघटनेच्या त्या सभासद होत्या आणि संपाची गाणीही तितक्याच जोरात गात. १९८९मध्ये सी. जे. चेरी यांच्यासोबत लिहिलेली ‘ए डर्ज फॉर सबिस’ ही त्यांची कादंबरी आली.

आता यातून गाणे वगळून दाखवा. २०१४मध्ये त्यांना प्रोमीथियस पुरस्कारांपैकी विशेष पुरस्कार मिळाला. तो ‘टॉवर ऑफ हॉर्सेस’ ही दीर्घकथा आणि ‘द हॉर्सटेमर्स डॉटर’ हे गाणे या दोहोंना मिळून होता. गाणे आधीचे, कथा कितीतरी वर्षांनंतरची. शेऱ्याप्रमाणे गाणे काढले तर अर्धा पुरस्कार जातो आणि कथेचा उगमही जातो. परीक्षकांना जे दिसले ते संपादकांना दिसू नये, याला मी अनवधान म्हणत नाही. ही सवय आहे, आणि ती परदेशातून आलेली नाही.

आपण अण्णा भाऊ साठ्यांचे काय केले ते पाहा. १९४४मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभे करणारा हा माणूस. तीसहून अधिक कादंबऱ्या त्याच्या नावावर. पण कादंबरीची चर्चा निघाली की ‘फकिरा’, आणि लोककलेची निघाली की ‘माझी मैना’. दोन कप्पे, दोन अभ्यासक. त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला तेव्हा रशिया पाहिलेला नव्हता. मुंबईच्या कामगार वस्तीत उभे राहून, न पाहिलेले शहर त्यांनी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आणले. न पाहिलेली जागा खरी करून दाखवणे हे विज्ञानकथेचेही पहिले काम. १८ जुलै १९६९ला अण्णा भाऊ गेले आणि दोनच दिवसांनी माणूस चंद्रावर उतरला. त्यावर पोवाडा हवा, असे आपल्या विज्ञानकथाकारांपैकी कोणाला वाटले?

मी हे चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधून लिहितो आहे. आमचे लोक सांगली जिल्ह्यातल्या विटे-खानापूर भागातून गलाईच्या धंद्यासाठी इथे आले. जुने सोने आटवायचे, हीण काढायचे, हे आमचे पोट. हीण काढण्याला माझा विरोध कसा असेल? पण आमच्या धंद्यात दुकानातला केरसुद्धा फुकट टाकत नाहीत. तो धुऊन सोने काढणाऱ्याला मराठीत झारेकरी हा स्वतंत्र शब्द आहे. साहित्याच्या दुकानात मात्र केर आधी रस्त्यावर जातो.

याच भागात एके काळी ‘गुजिली’ पुस्तिका विकल्या जात. गुजिली म्हणजे संध्याकाळचा बाजार. स्वस्त कागदावर छापलेली, पैशा-दोन पैशांची गाणी. रेल्वेचे अपघात, वादळे, दुष्काळ, खून, फाशी, पुढे स्वातंत्र्यचळवळ. रचणारे आणि विकणारे चौकात उभे राहून ती गात आणि ऐकणारा विकत घेई. सरकारने त्यांतल्या कित्येकांवर बंदी घातली, पण प्रतिष्ठितांनी त्यांना साहित्यात धरले नाही. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी ‘द प्रॉव्हिन्स ऑफ द बुक’ या २०१२च्या ग्रंथात त्यांच्यावर सविस्तर लिहिले, तेव्हा कुठे त्या अभ्यासाचा विषय झाल्या. आगगाडी ही त्या काळची नवलाची यंत्रे ओढून आणणारी वस्तू होती. तिच्याबद्दलचे भय आणि कौतुक आधी चौकात गायले गेले. तमिळमध्ये विज्ञानकथा घरोघरी नेणाऱ्या सुजाता यांनी लोकगीतांचा अभ्यासक नायक असलेली कादंबरी लिहिली. पण तिथेही गाणे ही शहरातून आलेल्या माणसाने गोळा करायची वस्तूच आहे. विज्ञानकथेच्या घरात ते राहायला आले नाही.

आणि मराठी विज्ञानकथा? तिची कारकीर्द मानाची आहे. १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवले. २०२१च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. यात उणे काढायचे नाही. उणे आहे ते पुढे. स्पर्धा, दिवाळी अंक, व्याख्यान, टाळ्या, एवढ्यातच आपला वाचक बसून राहिला. तो लेखकाला प्रश्न विचारतो. त्याच्या पात्रावर कवन रचून शेजाऱ्याला ऐकवत नाही. ज्या भाषेत सत्यशोधकांचा जलसा झाला, आंबेडकरी जलसा झाला, गणेशोत्सवाचे मेळे झाले, तिथे विज्ञानकथा मुकी का? विज्ञान गाता येत नाही हे कारण चालणार नाही. १९८७च्या भारत जनविज्ञान जथ्याने देशभर गाणी आणि पथनाट्ये नेली होती.

एक आक्षेप मला मान्य आहे, पण अर्धाच. मेळाव्यातली बरीच गाणी सुमार असतात, आतल्या गोटालाच कळणाऱ्या विनोदांची असतात. असतात. दिवाळी अंकांतल्या सगळ्या कथा तरी काय सोन्याच्या असतात? त्या सुमार आहेत म्हणून कथा हा प्रकार कोणी हौस म्हणून बाद केला नाही. विडंबन कमअस्सल, असे म्हणावे तर अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’ना आपण मराठी वाङ्मयात कोणत्या हिशेबाने बसवले? ते पुस्तक होते म्हणून. म्हणजे अडचण दर्जाची नाही, बांधणीची आहे. पुठ्ठा असेल तर साहित्य, आवाज असेल तर हौस.

यात नुकसान गाणाऱ्याचे आधी होते. पुस्तक ग्रंथालयात राहते. गाणे गाणाऱ्याबरोबर आणि ऐकणाऱ्यांबरोबर संपते. ज्याची नोंद आधी करायला हवी तेच आपण आधी कापतो. लेस्ली फिश यांचे चाहते निदान ध्वनिफिती काढत, पुरस्कार देत आणि याद्या ठेवत. ओहायोतल्या फिल्क संमेलनाचे पेगॅसस पुरस्कार १९८४पासून दिले जातात. समीक्षकांच्या परवानगीसाठी ते थांबले नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. लेखककोशातल्या नोंदीत पुस्तकांच्या यादीखाली गाण्यांची, पोवाड्यांची, जलशांची यादी द्यावी, आणि ती ‘इतर’ या मथळ्याखाली नको. विज्ञानकथेच्या स्पर्धांत एक विभाग गाण्याचा ठेवावा. चाल लोकगीताची चालेल, ओवीची चालेल. साहित्य संमेलनात विज्ञानकथेवर परिसंवाद ठेवाल तेव्हा रात्री एक खोली मोकळी ठेवा, जिथे व्यासपीठ नसेल. पहिल्या वर्षी चारच माणसे येतील आणि दोघे बेसूर असतील. त्यांची नावे मात्र लिहून ठेवा.