शाळेत समुपदेशक हवा, पण नेमका कोण?

समजा, बोरिवलीतील एका शाळेत नववीचा मुलगा पंधरा दिवस गैरहजर आहे. वर्गशिक्षिकेच्या मते त्याचे अभ्यासात लक्ष नाही. आईच्या मते सगळा दोष मोबाइलचा. प्रत्यक्षात वडिलांचे काम सुटले असेल आणि मुलगा सकाळी कुठल्या तरी दुकानात राबत असेल. किंवा त्याला फळ्यावरचे वाचताच येत नसेल आणि ते त्याने सात वर्षे लपवले असेल. या दोन मुलांना एकाच माणसाची गरज नाही. सगळा घोळ इथेच आहे.

न्यायालयाने काय सांगितले?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश’ प्रकरणात १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणम येथे ‘नीट’ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचे हे प्रकरण. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास सांगितले. कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. महाराष्ट्राने त्या गांभीर्याने घ्यायलाच हव्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक.

आदेश स्वागतार्हच आहे. अडचण त्यातल्या ‘किंवा’ची.

तिघांत फरक काय?

समुपदेशक ऐकतो, मुलाला बोलते करतो, परीक्षेची भीती, मैत्रीतले तुटणे, घरातली भांडणे यांतून वाट काढायला मदत करतो. औषधे तो देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञाचे. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतो. त्यातही ‘चिकित्सा मानसशास्त्रज्ञ’ म्हणवून घ्यायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘समुपदेशक’ अशी पाटी लावायला मात्र आजवर फारसे कुणी काही विचारलेले नाही.

अध्ययन अक्षमतेचे उदाहरण घ्या. दहावीला जादा वेळेची सवलत हवी तर प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी मुंबईतील पालक शीव, नायर, केईएमसारख्या रुग्णालयांत खेटे घालतात. बोरिवलीहून शीवला जायचे म्हणजे दादरला गाडी बदलणे आणि आईचा एक दिवसाचा खाडा. शाळेतच कुणी तिसरी-चौथीत हे ओळखले असते तर ही धावपळ दहावीच्या तोंडावर झाली नसती.

तिसरा समाजकार्यकर्ता. तो घरी जातो. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, वडिलांचे व्यसन, बहिणीचे थांबलेले शिक्षण हे सारे त्याच्या कामात येते. समाजकार्याचे शिक्षण मुंबईला नवे नाही. ‘टिस’ १९३६ पासून ते देत आहे. तरीही खासगी शाळांना हा माणूस सहसा आठवत नाही, कारण जाहिरातीत ‘समुपदेशन कक्ष’ शोभून दिसतो, ‘गृहभेट’ नाही. महापालिकेच्या शाळांत मात्र आधी समाजकार्यकर्ताच नेमायला हवा. तिथली बरीच दुखणी वर्गाबाहेर सुरू होतात.

‘किमान एक’चा अर्थ

शंभर मुलांच्या शाळेलाही एक आणि तीन हजारांच्या शाळेलाही एक? योग्य प्रमाण राखा, असे न्यायालय म्हणते. आकडा देत नाही. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक सुचवते. आपल्याकडे सोपी पळवाट म्हणजे एखाद्या शिक्षिकेकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ देणे. पण जी सकाळी प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिते, तिच्यापाशी दुपारी मूल मन मोकळे करणार कसे?

गुपित राखण्यालाही मर्यादा आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास ‘पोक्सो’च्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूर प्रकरणात शाळा व्यवस्थापनावरही माहिती न कळवल्याचा गुन्हा नोंदवला गेला. समुपदेशकाची नोकरी मुख्याध्यापकांच्या मर्जीवर असेल, तर शाळेचे नाव खराब होईल अशी गोष्ट तो पोलिसांपर्यंत नेईल का? कंत्राटी नेमणुकीत हा प्रश्न जास्तच टोकदार होतो.

पुढच्या पालकसभेत पालकांनी एवढे विचारावे : नेमलेल्या व्यक्तीची पदवी कोणती, ती आठवड्यातून किती दिवस येते आणि तिची खोली मुख्याध्यापकांच्या केबिनला लागून तर नाही ना? तोवर ‘टेलिमानस’ १४४१६ आणि चाइल्डलाइन १०९८ हे क्रमांक मुलांच्या वहीत लिहून ठेवता येतील.