डबा तोच, फिल्टर बदललाय. तुमच्या लक्षात आलं का?

स्पेअर पार्ट्सच्या दुकानाला डोकं लागत नाही, भांडवल आणि पार्ट नंबर असला की झालं, असं समजून महाड-पोलादपूर पट्ट्यात दुकान टाकायला निघालेल्यांसाठी आजचा लेख आहे. नंबर बघून माल देणं मोबाईलवरच्या ॲपला तुमच्यापेक्षा चांगलं जमतं, आणि ते दोन पैसे स्वस्तही देतं. तुमची एकच जमेची बाजू आहे. एकाच नंबरचे शंभर फिल्टर तुमच्या हातातून जातात. एकशे एकावा वेगळा निघाला तर ते सगळ्यात आधी तुम्हाला कळायला हवं. ते कळत नसेल तर तुम्ही फक्त गोडाऊन चालवताय, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑईल फिल्टरच का? कारण हा बाहेरून बंद डबा असतो. ब्रेक पॅड झिजलेला दिसतो, फिल्टरच्या आतलं काही दिसत नाही. आणि कंपन्या त्याचं डिझाईन बदलत असतात. कधी डब्याची उंची कमी होते. कधी तळाच्या पत्र्यावरची भोकं कमी-जास्त होतात. रबर रिंगचा आकार बदलतो. आत पेपरच्या घड्यांना धरणारं लोखंडी टोपण जाऊन फायबरचं येतं, मधली भोकांची नळी जाऊन प्लॅस्टिकची जाळी येते. बॉक्स तोच, कधी कधी नंबरही तोच, फार तर शेवटचं एखादं अक्षर वेगळं.

आता बदल झाला म्हणजे माल खराब झाला, असं म्हणू नका. आपल्याकडे मेकॅनिक लगेच म्हणतो, "डुप्लिकेट आहे, साहेब." डबा लहान झाला तरी आतला पेपर चांगल्या जातीचा असेल तर फिल्टर काम नीट करतो. वजनावरही जाऊ नका, जाड पत्र्यानं वजन वाढतं, गाळण नाही. अमेरिकेतले हौशी गाडीवाले गेली कित्येक वर्षं फिल्टर कापून आतले भाग तपासतात. फायबरच्या टोपणावरून त्यांच्यात वाद आहेत, पण निदान ते डबा उघडून वाद घालतात.

कुठला बदल महत्त्वाचा, हे ओळखायला आतल्या दोन गोष्टी समजून घ्या. तळाच्या भोकांतून डोकावलं की आत एक रबरी पडदा दिसतो. गाडी बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑईल परत खाली उतरू नये म्हणून तो असतो. फिल्टर आडवा किंवा उलटा बसत असेल तर हा पडदा फार मोलाचा. तो कडक झाला की ऑईल रात्रभर उतरून जातं आणि सकाळी स्टार्ट मारल्यावर काही सेकंद इंजिन कोरडं खडखडतं. साधं रबर उष्णतेनं लवकर कडक होतं, सिलिकॉन जास्त काळ मऊ राहतं. नखानं दाबून बघा, रंगावर विश्वास ठेवू नका. दुसरी गोष्ट बायपास व्हॉल्व्ह. फिल्टर चोंदला किंवा ऑईल थंड आणि घट्ट असलं तर तो उघडतो आणि इंजिनाला ऑईल मिळत राहतं. पण काही गाड्यांत हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच असतो, तिथे फिल्टरमध्ये तो नसणं बरोबर आहे. म्हणून आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असं होत नाही. हे वाक्य दुकानात लावून ठेवलंत तरी चालेल.

आपल्या भागात हे जास्त नडतं. महाडहून वरंध, पोलादपूरहून आंबेनळी, खाली कशेडी. बोगदा झाला तरी चढ-उतार काही संपले नाहीत. गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्या तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये तापतात. महाबळेश्वरच्या वाटेवर रबर रिंग नीट न बसलेला फिल्टर गळायला लागला आणि ऑईलची लाल बत्ती पेटली, तर इंजिन जातं. फिल्टर काहीशे रुपयांचा, इंजिनाचं काम हजारोंचं. आणि नाव खराब होतं फिल्टर बसवणाऱ्याचं. बनवणारा कुठल्या राज्यात बसलाय, हे गिऱ्हाईकाला माहीत नसतं. त्याला तुमचं दुकान माहीत असतं.

जुन्या स्विफ्ट, डिझायरच्या १.३ डिझेल इंजिनाकडे विशेष लक्ष द्या. मारुतीनं एप्रिल २०२० मध्ये, बीएस-६ लागू झालं तेव्हा, डिझेल गाड्या बनवणं थांबवलं, पण रस्त्यावर त्या अजून आहेत. तिथे डब्याचा फिल्टर नसतो, प्लॅस्टिकच्या टोपणाखाली नुसता पेपरचा भाग बसतो. बॉक्समध्ये टोपणाची रिंग आहे का, तिची जाडी तीच आहे का, मधलं भोक तेवढंच आहे का, हे जुन्याशेजारी नवा ठेवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून प्रत्येक चालत्या नंबरचा एक फिल्टर नमुना म्हणून फळीवर ठेवा. विकायचा नाही, कितीही घाई असो. नवीन लॉट आला की त्यातला एक त्याच्याशेजारी उभा करा: उंची, भोकं, रिंग, आटे, पडदा. मोबाईलवर फोटो काढा, लेबलवरचा महिना-वर्ष दिसेल असा. फरक दिसला तर एक कापा. करवतीनं कापलंत तर आत लोखंडाचा भुगा पडतो, तो बघून घाबरू नका, तो तुमचाच आहे. मग फोटो डिस्ट्रिब्युटरला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि लेखी विचारा: कंपनीनं बदल केलाय का? खरा माल असेल तर उत्तर मिळतं. टोलवाटोलवी झाली, पक्कं बिल द्यायला कुरकुर झाली, तर तो लॉट परत करा. नकली ब्रँडचा माल विकणं ट्रेडमार्क कायद्यात गुन्हा आहे, त्याला तुरुंगवासाची तरतूद आहे. आणि "मला माहीत नव्हतं" हे पक्क्या बिलाशिवाय पटवून देणं अवघड जातं.

उत्तर येईपर्यंत जुना आणि नवा माल एका खोक्यात मिसळू नका. मेकॅनिक आला तर दोन्ही काउंटरवर ठेवून सांगा, "भाऊ, हा बदलून आलाय, रिंग वेगळी आहे. जुनी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बघ. नवीन रिंगला ऑईल लाव आणि डब्यावर लिहिलंय तेवढंच हातानं आवळ." याला एक मिनिट लागतं. पुढच्या वेळी तो मेकॅनिक दुसऱ्या दुकानातून घेतलेला फिल्टरसुद्धा तुम्हाला दाखवायला आणेल.